आवडलं म्हणजे समजलं का?

एआयच्या मदतीने जीवशास्त्र सोपं वाटतं, असं पदवीचे विद्यार्थी म्हणतात, तेव्हा ते खरंच बोलत असतात. पण सोपं वाटणं हा शिकल्याचा पुरावा नव्हे. हार्वर्डमधल्या २०१९च्या भौतिकशास्त्राच्या अभ्यासात स्वतः झगडून प्रश्न सोडवणाऱ्यांना आपण कमी शिकलो असं वाटलं. चाचणीत मात्र तेच सरस ठरले. तुर्कस्तानातल्या शाळांमध्ये एआयसोबत गणिताचा सराव छान झाला, साधन काढून घेताच परीक्षेतले गुण घसरले. उत्तराऐवजी इशारे देणाऱ्या साधनाने हे नुकसान बरंचसं टळलं.

मग विद्यार्थ्यांचं मत विचारूच नये? जरूर विचारावं, वर्गातला संकोच, भाषेची अडचण तेच सांगू शकतात. मात्र अर्धसूत्री विभाजनात गुणसूत्रांची संख्या नेमकी कधी निम्मी होते, हे एआयविना रेखाटता येतं का, तेही तपासायला हवं.