लाकडाची सीएनसी आणि अण्णांचा गुण्या



घरच्या सीएनसीचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न येतोय: "दादा, खर्च किती आला?" आधी तेच सांगून टाकतो. साधारण ३६,००० रुपये. त्यातले ७-८ हजार मात्र मशीनचे नाहीत, माझ्या हट्टाचे आहेत. आजचा भाग त्या ७-८ हजारांबद्दल आहे.

आमचं गाव पारनेर तालुक्यात. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण एसटीत बसल्यावर आम्ही अजून "एक नगर द्या" असंच म्हणतो. मी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो. वडील, म्हणजे आमचे अण्णा, सुतार आहेत. चौकटी, दारं, खिडक्या, देवघरं.

गेल्या काही वर्षांत काय व्हायला लागलं, की गिऱ्हाईक मोबाईल पुढे करून म्हणतं, "अशी जाळी पाहिजे." फोटोतली जाळी मशीनवर कापलेली असते. अण्णा तीच जाळी जिगसॉ आणि पटाशीनं काढतात, पण एका दाराला दोन-अडीच दिवस जातात. तेवढी मजुरी कोण देणार? मग ते गिऱ्हाईक नगरला नाहीतर पुण्याला जातं. एकेक काम असं हातातून जाताना मी घरात बसून बघत होतो. म्हणून मशीन करायचं ठरवलं. छंद वगैरे काही नव्हता.

मशीन असतं काय?

सोपं आहे. एक टेबल. टेबलावर एक पूल, त्याला गॅन्ट्री म्हणतात. हा पूल पुढे-मागे सरकतो, पुलावरची गाडी डावी-उजवीकडे जाते आणि गाडीवरचा ट्रिमर वर-खाली होतो. वाय, एक्स आणि झेड. कुठून कुठे जायचं ते जी-कोड नावाच्या साध्या ओळींमध्ये लिहिलेलं असतं.

कल्पना जुनी आहे. जॉन पार्सन्स यांना हेलिकॉप्टरच्या पात्यांचं काम अचूक करायचं होतं. त्यांच्या कल्पनेतून पुढे अमेरिकेत एमआयटीनं १९५२ साली छिद्रं पाडलेल्या पट्टीवरून चालणारं मिलिंग मशीन दाखवलं. तेव्हा त्याच्या कंट्रोलला मोठमोठी कपाटं लागायची. २००९ मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी जीआरबीएल नावाचं फर्मवेअर मोफत खुलं केलं आणि तेच काम तळहातावर मावणारा आर्डुइनो ऊनो करायला लागला.

आणि हे सगळं फक्त परदेशात चालतं असं समजू नका. आमच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला. हातानं काम करत शिकायचं, ही त्यांची पद्धत. एमआयटीच्या बाहेर जगात ज्या अगदी पहिल्या फॅब लॅब निघाल्या, त्यातली एक २००२ मध्ये या पाबळला निघाली. त्यामुळे "आपल्याकडे हे जमेल का?" हा प्रश्न आपल्या भागात तरी कधीच निकालात निघालाय.

माझा हिशेब

सामान असं: नेमा २३ मापाच्या चार स्टेपर मोटर, वायला दोन, एक्सला एक, झेडला एक. चार टीबी६६०० ड्रायव्हर. २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय. ८ मिमी जाडीचे लीड स्क्रू, एका फेऱ्यात ८ मिमी पुढे नेणारे. रेल आणि बेअरिंग. स्पिंडल म्हणून साधा ट्रिमर, जो प्रत्येक फर्निचरवाल्याकडे असतो.

मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. ड्रायव्हरवर एका पावलाचे ८ भाग केले की झाली १,६००. स्क्रू ८ मिमी सरकतो. १,६०० भागिले ८, म्हणजे एका मिलिमीटरला २०० पावलं. एक पाऊल ०.००५ मिमीचं.

हा आकडा बघून मी हुरळून गेलो. अण्णांना म्हटलं, "तुमची पेन्सिलची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असते. हे मशीन त्याच्या शंभराव्या भागानं सरकतं." अण्णा काही बोलले नाहीत. टेबल कशाचं करणार, एवढंच विचारलं.

एमडीएफचं करणार होतो. सगळ्या व्हिडिओंमध्ये तेच होतं. सपाट, स्वस्त, कापायला सोपं. अण्णांनी शीट हातात धरून उलटंपालटं केलं. "आरं, हा पुठ्ठा हाये. पाणी पितो." मी म्हटलं, "मशीन छपरात आहे अण्णा. पाणी येतंय कुठून?"

मे महिन्यात, पाण्याचा टिपूस नसताना, मशीन उभं राहिलं. पहिल्या दिवशी नावाची पाटी कापली. झकास आली. गल्लीतली पोरं बघायला आली. मी व्हिडिओ टाकला. तुम्ही पाहिलात तो हाच.

सप्टेंबर

मग एक देवघराचं काम आलं. दोन दारं, दोन्हीला जाळी, प्रत्येक दार ३०० बाय ४५० मिमी. अण्णांनी मशीनच्या भरवशावर नेहमीपेक्षा कमी दर सांगितला आणि इसार घेतला. घटस्थापनेच्या आत द्यायचं होतं.

आमच्याकडे पाऊस खरा पडतो तो सप्टेंबरात. दोन्ही दारं कापली. नक्षी एकदम साफ. अण्णांनी ती शेजारी-शेजारी ठेवली आणि कोपऱ्याला गुण्या लावला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं साधन. गुण्या आणि लाकडाच्या मधून उजेड दिसत होता. दोन दारं जिथं भेटतात तिथं वरच्या कडेला दीड मिलिमीटरची पायरी. देवघर काटकोनात, दारं तिरकी.

माझी पहिली प्रतिक्रिया अस्सल सॉफ्टवेअरवाल्याची होती. पॅच मारू! मशीन किती तिरकं आहे ते मोजायचं, आणि जी-कोडमधला प्रत्येक बिंदू तेवढाच उलट सरकवायचा. ४० ओळींची पायथन स्क्रिप्ट, अर्ध्या तासाचं काम.

मोजायची पद्धत अण्णांनी सांगितली. गवंडी पाया आखताना काटकोन काढतो तीच, ३-४-५. मशीनकडून ४०० बाय ३०० च्या आयताच्या चार कोपऱ्यांवर चार बारीक भोकं पाडून घ्यायची. कोन बरोबर असेल तर दोन्ही कर्ण ५०० भरतात. आमचे भरले एक ५०१ च्या जरा पुढे आणि दुसरा ४९९ च्या जरा आत. म्हणजे गॅन्ट्री दर १०० मिलिमीटरला अर्धा मिलिमीटर तिरकी जात होती. पाऊल ०.००५ मिमीचं, आणि चूक ३०० मिमीच्या दारावर दीड मिलिमीटरची. तीनशे पट.

स्क्रिप्ट लिहिली, एक तुकडा कापला. काटकोनात आला. मी खूश. चार दिवसांनी, मधे दोन मोठे पाऊस झाल्यावर, परत चार भोकं पाडली. आकडे बदललेले. त्या आठवड्यात परत मोजलं, परत बदललेले. जिथं मी कॉन्स्टंट लिहिला होता, तिथं लाकूड व्हेरिएबल होतं.

मग टॉर्च घेऊन मशीनच्या खाली शिरलो. दमट हवा, खालची ओली जमीन, पत्र्याच्या कडेनं उडणारे शिंतोडे. एमडीएफच्या कापलेल्या कडा फुगून पावासारख्या झाल्या होत्या. कडेत मारलेले स्क्रू बोटानं हलत होते. गॅन्ट्रीचा एक पाय बसला होता, दुसरा होता तिथंच. मोटरला याचा काही पत्ता नाही. ती बिचारी इमानदारीत पावलं मोजत होती.

घटस्थापनेला बारा दिवस उरले होते. अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता मशीन." आणि त्यांनी दोन्ही दारं हातानं काढली. कमी केलेल्या दरात. रात्री साडेदहा-अकरापर्यंत पटाशीचा आवाज यायचा आणि मी बाजूच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलेलो असायचो. काम वेळेत गेलं, पण त्या कामात अण्णांच्या हातात काही उरलं नाही. मला कोणी एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पूजेला मांडली. करवत, रंधा, पटाश्या, गुण्या. मशीन खोलून ठेवलेलं होतं. अण्णांनी आर्डुइनोचा डबा आणून गुण्याच्या शेजारी ठेवला आणि त्यालाही कुंकू लावलं. म्हणाले, "दिवाळीच्या आत परत उभं करू. पण लाकूड मी सांगीन ते."

दुसऱ्यांदा बांधताना

आता तुमच्या कामाचं सांगतो. लिहून घ्या.

एक. सांगाड्याला आयएस ७१० चा शिक्का असलेला १८ मिमीचा मरीन प्लाय वापरला. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे असतात, म्हणून तो दमट हवेत कमी हलतो. तरी कापलेली प्रत्येक कड सील केली. एमडीएफ फक्त वरच्या बलीच्या पाटाला, जो कटरनं खराब होणारच आणि बदलायचाच असतो.

दोन. टेबल भरीव न करता पेटीसारखं केलं. वर-खाली प्लाय आणि आत आडव्या-उभ्या पट्ट्यांची चौकट, सगळं डिंक लावून. वजन कमी आणि पीळ जवळजवळ नाही. गॅन्ट्रीचे पाय दोन प्लाय चिकटवून ३६ मिमीचे. जिथं जोर येतो तिथं कडेत स्क्रू नाही, आरपार नट-बोल्ट.

तीन. पीळ तपासायला दोन दोरे. समोरासमोरच्या कोपऱ्यांत, सारख्या उंचीवर, ताणून बांधायचे. मधोमध एक दुसऱ्याला जेमतेम टेकला पाहिजे. मधे फट दिसली किंवा एकानं दुसऱ्याला दाबलं, तर टेबलाला पीळ आहे. लेझर नाही, ॲप नाही. अण्णांनी या दोऱ्यांवर बघून रेलची बैठक रंध्यानं काढली. तो रंधा चालताना बघणं हेच माझं खरं ट्रेनिंग होतं.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. गॅन्ट्रीच्या एका पायाची भोकं गोल न ठेवता लांबट ठेवली. हे अण्णांचं डोकं. मी विचारलं, कशाला? एकदा बरोबर बसवलं की झालं ना? ते म्हणाले, "लाकूड हाये. पुढच्या पावसात परत हालंल. तवा बोल्ट ढिला करून सरळ करता आलं पायजे." मी कधीच न चुकणारं मशीन बांधायला निघालो होतो. चूक होणार हे धरून, ती दहा मिनिटांत दुरुस्त करता येईल असं मशीन अण्णांनी बांधलं.

आता दर दोन महिन्यांनी आणि प्रत्येक मोठ्या कामाआधी चार भोकं पाडतो, कर्ण मोजतो, लागलं तर बोल्ट ढिला करून पाय सरकवतो. स्क्रिप्ट डिलीट केली.

गावाकडच्यांसाठी अजून दोन गोष्टी. लाइट जाणारच. वीज गेली की मशीन आपण कुठे आहोत ते विसरतं. म्हणून तिन्ही अक्षांना होमिंगचे स्विच लावा, आणि कामाचा शून्यबिंदू जी५४ मध्ये साठवा. तो वीज गेली तरी राहतो. लाइट आली की होमिंग करायचं आणि पुढे चालू. दुसरं, ट्रिमरच्या मोटरचा विद्युत गोंगाट स्विचच्या तारांत शिरतो आणि मशीन मधेच उगाच थांबतं. स्विचच्या तारा शील्डवाल्या घ्या आणि ट्रिमरच्या वायरपासून लांब न्या.

आणि हो, लाल इमर्जन्सी बटण हाताला येईल असं लावा. डोळ्याला चष्मा आणि तोंडाला चांगला मास्क, एमडीएफ कापताना तर नक्कीच. ती धूळ फार बारीक असते.

मग फायदा झाला का?

झाला, पण व्हिडिओच्या थंबनेलवर असतो तसा नाही. जी जाळी अण्णांना दोन-अडीच दिवस घ्यायची, ती आता एका दुपारी निघते. महिन्याला तीन-चार कामं परत गावात थांबतात. सांधे, बिजागरी, लाकडाची निवड, पॉलिश, हे सगळं अजून हातानंच होतं, आणि गिऱ्हाईक पैसे त्याचेच देतं.

मशीन आता अण्णाच चालवतात. सकाळी मी स्टँडअपच्या कॉलवर असतो आणि दारातून आवाज येतो, "शून्य कुठं घेऊ रे?" मी म्यूट करून सांगतो. टीमला सवय झालीय.

तुमच्यापैकी कोणी बांधायला घेणार असेल, तर माझं एकच सांगणं. मोटर आणि ड्रायव्हर ऑनलाइन मिळतील, कोड फुकट मिळेल. पण पहिला स्क्रू मारायच्या आधी गावातल्या एखाद्या जुन्या सुताराला चहाला बोलवा आणि त्याला विचारा, पावसाळ्यात काय होतं ते. आणि तो जे सांगेल ते, माझ्यासारखं हसण्यावारी नेऊ नका.

तुमचं मशीन झालं की चार भोकं पाडून दोन्ही कर्णांचे आकडे मला पाठवा. सुंदर फोटो नंतर बघू.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.