भुकेचा अभ्यास : अन्नपेढीपासून हक्कापर्यंत

(चेन्नई येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त पाठ)



भूक हा विषय आपण बहुधा आकडेवारीतून शिकतो. चेन्नईत तो प्रत्यक्ष पाहूनही शिकता येतो. येथील बकिंगहॅम कालव्याचा अड्यार व कूवम या नद्यांना जोडणारा भाग १८७७-७८ मध्ये दुष्काळी काम म्हणून खोदण्यात आला. याच दुष्काळात आपले दख्खनचे जिल्हेही होरपळले होते. १८८० च्या दुष्काळ आयोगाने नोंदविले की, अशा काळात धान्याइतकाच रोजगाराचाही दुष्काळ असतो. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये हाच विचार शास्त्रशुद्ध रीतीने मांडला : बाजारात धान्य असूनही ते मिळविण्याची ऐपत किंवा हक्क नसेल, तर माणूस उपाशी राहतो.

अन्नपेढीचे मूल्यमापन याच कसोटीवर करावे. ही कल्पना १९६७ मध्ये अमेरिकेतील फिनिक्स शहरात आकाराला आली. चेन्नईत २०१५ च्या महापुरानंतर स्नेहा मोहनदास यांनी ‘फूडबँक इंडिया’ हा उपक्रम उभा केला. २०१७ मध्ये बेझंट नगर येथे गरजूंसाठी सार्वजनिक शीतकपाट सुरू झाले. आजची भूक आजच भागविणे, हे अशा उपक्रमांचे मोल आहे. मात्र त्यांचा पुरवठा दात्याच्या इच्छेवर अवलंबून असतो. घेणाऱ्याला तेथे हक्क सांगता येत नाही.

हक्काची बाजू शासनाने सांभाळावयाची असते. मद्रास महापालिकेने १९२० च्या सुमारास शाळेत भोजन देण्याचा प्रयोग केला. १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी पौष्टिक आहार योजना राज्यभर नेली. २०१३ मध्ये ‘अम्मा उणवगम’ ही स्वस्त भोजनालये आली, तर २०२२ मध्ये शाळेतील न्याहारी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) पाच वर्षांखालील खुरट्या बालकांचे प्रमाण तमिळनाडूत २५ टक्के, तर महाराष्ट्रात ३५.२ टक्के होते. या तफावतीचे श्रेय केवळ भोजन योजनांना देता येणार नाही; मातांचे शिक्षण, आरोग्यसेवा व स्वच्छता यांचाही त्यात वाटा असतो. तरीही दहा टक्क्यांचे हे अंतर महाराष्ट्राने गांभीर्याने घ्यावे असे आहे.

तेव्हा आपण तीन ठिकाणी जावे : रास्त भाव दुकान, परवानगी घेऊन शाळेचे भोजन केंद्र आणि एखादी अन्नपेढी. तेथे काय मिळते, कोणाला मिळते आणि कोण वगळले जाते, याची नोंद करावी. शिधापत्रिका नसलेला स्थलांतरित मजूर कोठे जेवतो, हे विचारावे. डाळ, अंडी, भाजी मिळते की केवळ भात, हेही पाहावे. कारण पोट भरले म्हणजे पोषण झाले असे नव्हे. जेवणाऱ्यांची छायाचित्रे मात्र घेऊ नयेत. स्वयंसेवक म्हणून काम करावे, पण पाहुण्यासारखे वागू नये.

अन्नपेढीसमोरची रांग वाढू लागली, तर हक्काची साखळी कोठेतरी तुटली आहे असे समजावे. ती नेमकी कोठे तुटली, याचा शोध घेणे हे उद्याच्या प्रशासकाचे पहिले काम आहे.