आजारी बालक आणि ऊसतोडीचे घर



यकृताच्या दुखण्याने खंगणारे दीड-दोन वर्षांचे मूल घरात असले म्हणजे घराचा सारा क्रम औषधाच्या वेळांवर चालतो. आपल्या बीड जिल्ह्यात आणखी एक पेच असतो. ऊसतोडीस नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचलही दोघांच्या श्रमांवर घेतलेली. मुलासाठी आई गावी राहिली की कोयता मोडला. मूल बरोबर नेले, तर कोपीत कसले पथ्य नि कसला वैद्य?

वर शेजारीपाजारी मातेसच दोष देतात, हे आम्हांस असह्य वाटते. पूर्वी महाराष्ट्रात पुष्कळ बालके यकृत कठीण होऊन दगावत. १९८० नंतरच्या दशकात पुण्याच्या डॉक्टरांनी दाखविले की, कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापविलेल्या दुधावाटे तांबे पोटात जात होते. दैवाचा कोप तो नव्हताच.

आज हे दुखणे पुष्कळदा पित्तनलिका बंद असल्याने होते. तान्ह्याची कावीळ दोन आठवड्यांनंतरही राहिली व मळ पांढुरका दिसला, तर अंगाऱ्याधुपाऱ्यात दिवस दवडू नका. त्यावरील शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांत झाल्यास गुण येण्याची आशा अधिक. पुढेही औषधपाणी वर्षानुवर्षे चालते.

तेव्हा मोसमापूर्वी अशा मुलाच्या आजीच्या सोबतीस कोणी जावे, इस्पितळाच्या खेपा कोणी घालाव्यात, हे येत्या रविवारी मिस्सेनंतर बसून ठरवू.