भाईंची गोष्ट आणि सुनीताबाईंचं काम

(शहरातील महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा सारांश)



विनोदी कलावंतांच्या जीवनावरचे चित्रपट आपण करमणूक म्हणून बघतो. आज त्यांच्याकडे थोडं वेगळं बघू या. लोकांना हसवणारा माणूस पडद्यावर दिसतो. त्या हशामागचे बाईचे श्रम दिसतात का?

आपल्याकडचं उदाहरण पु. ल. देशपांडे यांचं. दिल्ली दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात त्यांनी पंडित नेहरूंची मुलाखत घेतली, ‘बटाट्याची चाळ’ एकट्यानं रंगमंचावर उभी केली. महेश मांजरेकर यांचा ‘भाई : व्यक्ती की वल्ली’ हा त्यांच्यावरचा चित्रपट २०१९ मध्ये दोन भागांत आला. त्यात सागर देशमुख पु. ल. आणि इरावती हर्षे सुनीताबाई झाल्या. सुनीताबाई तिथे ठळक आहेत, तरी गोष्ट भाईंची आहे.

मग सुनीताबाईंची गोष्ट कोणती? १९४२ च्या चळवळीत उतरलेली ही मुलगी. १९४६ मध्ये तिनं नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. ‘वंदे मातरम्’ या १९४८ च्या चित्रपटात ती पु. लं.ची नायिका होती. पुढे प्रयोगांची व्यवस्था, हिशेब, पत्रव्यवहार तिनं काटेकोरपणे सांभाळला. मिळालेला पैसा दोघांनी समाजकार्याला दिला. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राच्या उभारणीला त्यांचाच हात लागला. १९९० मध्ये ‘आहे मनोहर तरी’मधून सुनीताबाईंनी या सहजीवनाचा हिशेब मांडला, तेव्हा तो अनेकांना खटकला. लाडक्या माणसाच्या बायकोनं एवढं स्पष्ट बोलायचं नसतं!

समुपदेशनाला येणारे नवरेही हेच सांगतात, “मी मोकळ्या स्वभावाचा, हीच कडक.” खोलात गेलं की कळतं, घरभाडं, मुलांची फी, दुकानाची उधारी तीच बघते. त्याला मोकळं राहता यावं म्हणून तिला कडक व्हावं लागतं. पडद्यावरही फक्त तिचा कडकपणा उरला, तर हाच समज पक्का होतो.

आता अमेरिकेतलं उदाहरण. ‘आय लव्ह ल्युसी’ ही १९५१ ते १९५७ मधली टीव्ही मालिका. तिची नायिका ल्युसिल बॉल हिच्यावर २०२१ मध्ये ‘बीइंग द रिकार्डोज’ हा चित्रपट आला. निकोल किडमनची ल्युसिल विनोदाच्या एकेका हालचालीसाठी भांडते. तिला दिवस गेल्यावर ते मालिकेत दाखवायचं की नाही, यावर वाद होतो; त्या काळी ‘गरोदर’ हा शब्दही तिथल्या टीव्हीवर चालत नव्हता. नवऱ्याशी असलेले ताणही त्यात आहेत. पण बाईचा विनोद हे डोकं चालवून केलेलं काम आहे, हे चित्रपट मान्य करतो. पडद्यामागं राबणाऱ्या बाईच्या कामाला तेवढी जागा कधी मिळणार?

आपापल्या गटात असा एखादा चित्रपट जरूर दाखवा. नंतर चर्चेत तीनच प्रश्न घ्या. पैसा कोण सांभाळत होतं? निर्णय कोण घेत होतं? आणि ही गोष्ट तिनं सांगितली असती, तर कुठून सुरू केली असती?