तासामागे वीस मिनिटांचा प्रश्न

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



परीक्षांचे दिवस जवळ आले की गावोगावच्या महाविद्यालयांच्या कार्यालयांपुढे एक दृश्य हमखास दिसते. अर्ज भरून झालेला असतो, शुल्क भरलेले असते, अभ्यासही झालेला असतो. आणि तरीही एखादा अंध विद्यार्थी खिडकीपाशी ताटकळत उभा असतो. त्याला लेखनिकाच्या परवानगीचा कागद हवा असतो. कारकून त्याला प्राचार्यांकडे पाठवतो, प्राचार्य परीक्षा विभागाकडे बोट दाखवतात आणि परीक्षा विभाग विद्यापीठाच्या पत्राची वाट पाहत असतो. लेखनिक कोणी शोधायचा, हा प्रश्न यांपैकी कोणीच अंगावर घेत नाही. तो विद्यार्थ्यानेच शोधावा, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. मग तो वसतिगृहातील एखाद्या धाकट्या मुलाला विनवतो; आणि आदल्या रात्री त्या मुलाचीच काही अडचण निघाली, म्हणजे वर्षभराचे श्रम टांगणीला लागतात.

समाजवादी चळवळीने दुष्काळ, रोजगार हमी, शेतमजुरी, आरक्षण हे आपले विषय मानले आणि ते योग्यच होते. महाविद्यालयाच्या खिडकीपाशी ताटकळणारा हा विद्यार्थी मात्र तिच्या नजरेतून बहुधा निसटला. त्याचा प्रश्न कोणा सेवाभावी संस्थेचा, फार तर दयाळू प्राध्यापकाचा, अशी समजूत राहिली. या समजुतीचीच तपासणी येथे करावयाची आहे.

प्रथम आकडे पाहावेत. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या. त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रात. साक्षरता देशातील अपंग पुरुषांत ६२ टक्के आणि स्त्रियांत अवघी ४५ टक्के होती. या विषयाचे जाणकार सांगतात की जनगणनेतील मोजणी मुळातच अपुरी असते. पण तीच खरी मानली तरी पुढचा आकडा बोचतोच. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणविषयक पाहणीत २०२१-२२ या वर्षी देशभर ४ कोटी ३३ लाख विद्यार्थ्यांची नोंद झाली आणि त्यांत अपंग विद्यार्थी होते सुमारे ८८ हजार. म्हणजे हजारांमागे दोन. लोकसंख्येत शंभरांत दोनांहून अधिक आणि महाविद्यालयात हजारांत दोन, हे अंतर निसर्गाने निर्माण केलेले नाही. शाळेच्या पायऱ्या, एस.टी.चा उंच दरवाजा, घरातील मुलीला ‘तुला शिकून काय करायचे’ म्हणणारी परंपरा, जिल्हा रुग्णालयातील प्रमाणपत्रासाठीचे हेलपाटे आणि शेवटी परीक्षा विभागाची ती खिडकी यांनी मिळून ते निर्माण केले आहे.

कायदा नाही, असे कोणी म्हणू शकत नाही. घटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात बेकारी, वार्धक्य आणि आजार यांच्या जोडीला विकलांगतेचा उल्लेख आहे. परंतु तो मार्गदर्शक तत्त्वांत आहे आणि ‘राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ या शब्दांनी बांधलेला आहे. भेदभावास मनाई करणाऱ्या १५ व्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान हे शब्द आले. अपंगत्व हा शब्द आला नाही. ती उणीव भरून काढण्यास संसदेला १९९५ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या कायद्याने सरकारी आणि अनुदानित शिक्षणसंस्थांत ३ टक्के जागा राखल्या. २०१६ च्या अधिनियमाने ते प्रमाण उच्च शिक्षणात किमान ५ टक्के केले, कमाल वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट दिली आणि मान्य अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले. हा अधिनियम १९ एप्रिल २०१७ रोजी अमलात आला.

या अधिनियमातील सर्वांत मोलाची गोष्ट मात्र टक्केवारीत नाही. ती ‘वाजवी तजवीज’ या कल्पनेत आहे. एखाद्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क उपभोगता यावा म्हणून परिस्थितीत जो आवश्यक आणि योग्य बदल करावा लागतो, तो करणे हे बंधन आहे आणि तो नाकारणे हा भेदभाव आहे, असे हा कायदा मानतो. १७ व्या कलमात परीक्षेपुरते त्याचे स्वरूपही सांगितले आहे: उत्तरपत्रिकेसाठी जादा वेळ, लेखनिकाची सोय, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट.

जादा वेळ म्हणजे काय, याचा थोडा बारकाईने विचार करण्यासारखा आहे. कारण सर्वाधिक गैरसमज तेथेच आहे. अंध विद्यार्थी प्रश्नपत्रिका स्वतः चाळू शकत नाही. लेखनिक ती वाचतो, तो ऐकतो, लांबलचक प्रश्न पुन्हा वाचावयास सांगतो आणि कोणते प्रश्न आधी सोडवावेत हे केवळ स्मरणाच्या बळावर ठरवतो. नंतर तो उत्तर सांगतो. अनोळखी संज्ञा आली की तिचे लेखन अक्षराअक्षराने सांगतो. अर्थशास्त्राची आकृती किंवा हिशेबाचे कोष्टक आले, तर रेघ कोठून कोठे ओढायची तेही शब्दांत सांगावे लागते. लिहिलेले तपासायचे तर ते सारे पुन्हा वाचून घ्यावे लागते. डोळस विद्यार्थी जे काम नजरेच्या एका फेऱ्यात करतो, त्याला येथे मिनिटे लागतात. या कामासाठी तासामागे किमान २० मिनिटे द्यावीत, असे केंद्र सरकारच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनी ठरवले. त्या सूचनांतच एक महत्त्वाची दुरुस्ती होती: ‘जादा वेळ’ हा शब्द सोडून ‘भरपाईचा वेळ’ हा शब्द वापरावा. जादा हा शब्द उपकाराचा आहे. भरपाई हा शब्द देण्याचा आहे. जे हिरावले गेले तेवढेच परत करावयाचे असते. आश्चर्य एवढेच की इतक्या वर्षांनंतरही महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर ‘अपंगांना सवलत’ हेच शब्द झळकतात.

शब्दांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द पुढे आणला आणि पाहता पाहता तो सरकारी कागदांत रूढ झाला. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला. विभाग निघाला हे चांगलेच झाले. परंतु ज्याला पहिल्या मजल्यावरील परीक्षागृहात मित्रांच्या खांद्यावरून जावे लागते, त्याला आपल्या अंगी दैवी अंश असल्याचे ऐकून काय समाधान मिळणार? गांधीजींनी दलितांना ‘हरिजन’ म्हटले, तेव्हा नाव नको, हक्क हवेत, हे उत्तर आंबेडकरी चळवळीने दिले होते. ते येथेही लागू पडते.

न्यायालयांनी अलीकडे या हक्काला बळ दिले आहे. ‘विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग’ या प्रकरणात उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. त्याचे अपंगत्व ठरलेल्या प्रकारांत आणि ४० टक्क्यांच्या मापात बसत नाही, म्हणून आयोगाने लेखनिक नाकारला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका फेटाळली. ४० टक्क्यांचे माप आरक्षणासाठी आहे. वाजवी तजवीज त्या मापाच्या आतील अपंगालाही मिळाली पाहिजे, असा तो निर्णय आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतील एका मुलीचे प्रकरण आले. लेखनविषयक अक्षमतेमुळे तिला एक तास भरपाईचा वेळ मिळावयास हवा होता. केंद्रावरील माणसांनी वेळ संपताच उत्तरपत्रिका काढून घेतली. न्यायालयाने परीक्षा घेणाऱ्या संस्थेला दोषी ठरवले, पण फेरपरीक्षा मात्र देता आली नाही. हक्क सिद्ध झाला आणि तो तास गेला तो गेलाच. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या दोन अपिलांत न्यायालयाने सांगितले की अपंगत्वाची टक्केवारी पाहून वैद्यकीय शिक्षणाचे दार बंद करता येणार नाही. साधने व साहाय्य मिळाल्यावर तो विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करू शकेल काय, हे पाहिले पाहिजे.

निकाल चांगले आहेत. परंतु दिल्लीपर्यंत जाण्याचे बळ किती जणांपाशी असते? अंबाजोगाईच्या किंवा अक्कलकुव्याच्या शेतमजुराच्या मुलाला परीक्षेच्या दिवशी सकाळी न्याय हवा असतो.

आता नेहमीच्या तीन आक्षेपांकडे वळले पाहिजे. पहिला खर्चाचा. लिफ्ट, उतार, संगणक यांना पैसा लागतो, हे खरे. परंतु ज्या वर्गात चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थिनी आहे, तो वर्ग वेळापत्रकात तळमजल्यावर आणण्यास दमडीही लागत नाही. प्राध्यापकाने फळ्यावर लिहिताना तेच शब्द मोठ्याने उच्चारले, किंवा कर्णबधिर विद्यार्थ्याकडे तोंड करून बोलून टिपणे आधी हाती दिली, तर अंदाजपत्रक कोलमडत नाही. छापील पुस्तकाचे वाचनीय रूपांतर करण्यात लेखाधिकाराचा अडसर होता, तोही २०१२ च्या दुरुस्तीने दूर झाला. त्याच विषयावरील माराकेश करारास २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारतच होता. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिहीनांसाठीचे साधनकेंद्र २००३ पासून उभे आहे. एका महाविद्यालयाला जे जमले, ते शेकडो महाविद्यालयांना का जमू नये, हा प्रश्न पैशापेक्षा इच्छेचा अधिक आहे.

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. हा आक्षेप चळवळीला नवा नाही. जातीय आरक्षणाच्या प्रत्येक वादात तो ऐकू आला आहे. परीक्षा इतिहासाच्या ज्ञानाची असेल, तर बोटांच्या वेगाला गुण देण्याचे कारण काय? वाजवी तजवीज उत्तरपत्रिकेत एकही गुण वाढवत नाही. ज्ञानाशी संबंध नसलेला अडथळा काढून ती गुणवत्तेचे माप उलट अधिक खरे करते.

तिसरा आक्षेप गैरवापराचा. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्व प्रमाणपत्राचा वाद गाजला आणि संशयाची सावली सरसकट सर्वांवर पडली. खोट्या प्रमाणपत्राची चौकशी कठोरपणे व्हावी, यात दुमत नाही. परंतु खोटी शिधापत्रिका निघाली म्हणून गरिबाचे धान्य कोणी बंद करत नाही. संशयाचा दंड खऱ्या अपंगाने भरावा, हा न्याय नव्हे.

या प्रश्नाची एक बाजू मात्र आक्षेप घेणारे कधी काढत नाहीत. ती आहे शिक्षणाच्या बाजारीकरणाची. ५ टक्के जागांचे बंधन सरकारी आणि अनुदानित संस्थांनाच आहे. महाराष्ट्रात १९८३ नंतर विनाअनुदानित महाविद्यालयांचे पीक आले आणि अभियांत्रिकीपासून अध्यापनापर्यंतचे शिक्षण त्यांच्या हाती गेले. तेथे या आरक्षणाचा हात पोचत नाही. म्हणजे सरकार शिक्षणातून जितके अंग काढून घेते, तितकी अपंगाची जागा आकसते. तथापि एक गोष्ट कार्यकर्त्यांनी नीट ध्यानात घ्यावी. अधिनियमाचे १६ वे कलम अनुदानाच्या जोडीने ‘मान्यताप्राप्त’ संस्थांचाही उल्लेख करते. जागा राखण्यातून विनाअनुदानित संस्था सुटली, तरी आलेल्या विद्यार्थ्यासाठी वाजवी तजवीज करण्यातून ती सुटत नाही. संस्थाचालकांच्या दारात हे कलम घेऊनच जावे लागेल.

लोहियांनी विशेष संधीचा सिद्धांत मांडला. शतकानुशतके दडपलेल्यांना केवळ समान संधी दिल्याने समता येत नाही, हे त्यांचे प्रतिपादन होते. स्त्रिया, शूद्र, दलित, आदिवासी आणि अल्पसंख्याकांतील मागास यांच्यासाठी साठ टक्के जागांची मागणी समाजवाद्यांनी केली. त्या यादीत अपंगांचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. सिद्धांत त्यांनाही सामावणारा होता. यादी अपुरी होती. ही उणीव मान्य करण्यात कमीपणा नाही. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरच्या मंदिराचे दार दलितांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावले. दार उघडे असूनही पायऱ्यांमुळे आत जाता येत नसेल, तर ते दार कोणासाठी उघडले, असा प्रश्न आज विद्येच्या मंदिराबाहेरून विचारला जात आहे. आणि पक्षाची किती कार्यालये, किती सभागृहे दुसऱ्या मजल्यावर आहेत, हेही ज्याचे त्याने मोजून पाहावे.

तेव्हा काम कोणते? पहिले, प्रत्येक तालुक्यात पदवीधर आणि विद्यार्थी कार्यकर्त्यांनी लेखनिकांची यादी करावी आणि परीक्षेच्या महिनाभर आधी ती महाविद्यालयांना द्यावी. लेखनिकाविषयीचे नियम वेळोवेळी बदलले आहेत, म्हणून त्या त्या विद्यापीठाचे चालू परिपत्रक आधी वाचून घ्यावे. दुसरे, ही यादी देताना लेखनिक पुरवणे हे संस्थेचे काम आहे, हे लेखी निवेदनात निक्षून सांगावे. अन्यथा कार्यकर्त्यांची सेवा हीच प्रशासनाची पळवाट ठरेल. तिसरे, परीक्षागृह तळमजल्यावर आहे काय, भरपाईच्या वेळेची सूचना पर्यवेक्षकांना लेखी दिली आहे काय, तक्रार कोणाकडे करावयाची, हे तीन प्रश्न प्रत्येक प्राचार्यांना विचारावेत. चौथे, दाद न मिळाल्यास पुण्यातील अपंग कल्याण आयुक्तांकडे जावे. कायद्याच्या भंगास पहिल्या वेळी दहा हजार आणि पुढे पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ती कागदावर निजून राहू नये.

आणि या सर्व कामात अपंग विद्यार्थी लाभार्थी म्हणून मागच्या रांगेत बसता कामा नयेत. निवेदन त्यांनी लिहावे, शिष्टमंडळाचे नेतृत्व त्यांनी करावे, सभेत पहिले भाषण त्यांचे व्हावे. खिडकीपाशी एकटा ताटकळणारा विद्यार्थी पुढच्या परीक्षेला तेथे येईल, तेव्हा त्याच्या मागे पन्नास जण उभे असावेत. कारकुनाला मग परवानगीचा कागद शोधण्यास फार वेळ लागणार नाही.