स्वस्त गोणी कोणाच्या शेतात पिकते?



खतावर सबसिडी दिली की उत्पादन वाढते, असे आम्ही कृषी पदवी घेताना शिकलो आणि तेच गावोगाव सांगत फिरलो. कोरडवाहू शेतात उभे राहिलो तेव्हा हिशेब जुळेना.

ऑगस्ट 1992 मध्ये स्फुरद-पालाश नियंत्रणमुक्त झाले, त्यांचे भाव भडकले. युरिया मात्र दहा टक्के स्वस्त केला. 1991-92 साली देशात नत्र, स्फुरद, पालाश 5.9:2.4:1 या प्रमाणात पडत होते. पुढच्याच वर्षी 9.5:3.2:1. 2010 साली अनुदानाची पद्धत बदलली, त्यातूनही युरिया वगळला. आज युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना, डीएपीची 50 किलोची 1350 ला. हात कुठल्या गोणीकडे जाईल? आणि वर शेतकऱ्यालाच अडाणी म्हणायचे!

युरियाला ओल लागते. रावेरच्या केळीला विहिरीचे पाणी आहे, तिथे तो लागू पडतो. शिंदखेडा-पारोळ्याच्या जिराईत कपाशीत युरिया फोकायचा आणि आभाळाकडे बघायचे. पाऊस लांबला तर त्यातले बरेच नत्र हवेत उडून जाते. पाऊस आला तर झाड नुसते माजते, मावा-तुडतुडे येतात, फवारणीचा खर्च आपल्या अंगावर. ज्वारीला अर्धी गोणी मिळाली तरी नशीब. म्हणजे ज्याला पाणी, त्यालाच सबसिडी.

आमचे म्हणणे, हा पैसा गोणीवर नको, एकरी द्या. शेणखत घ्यायचे, डीएपी घ्यायचे की बांध घालायचा, ते ज्याचे तो ठरवील.

पुढच्या बैठकीला गेल्या हंगामाच्या खता-औषधांच्या पावत्या आणा. जिराईत आणि बागायती वेगळ्या लावून एकरी आकडा काढू.