रक्ताची साक्ष

विडी ओढणारे माझे एक स्नेही परवा रक्ततपासणीचा निर्दोष कागद दाखवून म्हणाले, "मास्तर, फुफ्फुसे स्वच्छ आहेत!" मला त्यांच्या आनंदाचेच भय वाटले.

सी.ई.ए. हे प्रथिन १९६५ साली माँट्रिअलच्या गोल्ड व फ्रीडमन यांनी प्रसिद्धीस आणले. फुफ्फुसाच्या कर्करोगातही ते रक्तात वाढते. परंतु निरोगी माणसात नुसत्या धूम्रपानानेही ते किंचित वाढते, आणि आरंभीच्या कर्करोगात पुष्कळदा वाढतही नाही. म्हणजे एकाला वृथा भय, दुसऱ्याला वृथा अभय!

उलट, साध्या क्ष-किरण तपासणीपेक्षा अल्प किरणांच्या सी.टी. तपासणीने अतिधूम्रपान करणाऱ्यांतील या रोगाचे मृत्यू २० टक्के घटल्याचे अमेरिकेत २०११ साली दिसून आले.

तेव्हा दम लागत असल्यास वैद्याकडे जावे. विडी मात्र आजच विझवावी. त्यासाठी कोणत्याही साक्षीची वाट पाहण्याचे कारण नाही.